‘बेकायदा’ मुलं आणि आमची ‘कायदेशीर’ मुलं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेतून परत पाठवलेल्या भारतीयांबद्दल आपल्या दैनिकात आलेलं एका वाचकाचं पत्र आमच्या इथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर बरंच फिरलं. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकी लष्कराचं विमान अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातलेही तिघं होते. तेव्हापासून हा विषय मराठी घरांतही शिरला आहे. पत्रलेखकांचं म्हणणं थोडक्यात असं : नियम मोडून राहिलेल्यांची कणव कसली? त्यांच्या मुलांना कॉलेजात सवलत आणि वर कायमचा दर्जा देणं म्हणजे नियमाने रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या मुलांवर अन्याय. ग्रुपवर या पत्राखाली धडाधड अंगठे उमटले.

मोठ्यांबद्दल वाद घालायला मी बसलेली नाही. मी लिहिते आहे ती आईबापांच्या कडेवर बसून इथे आलेल्या मुलांबद्दल. आणि ‘रांगेत उभी असलेली आपली मुलं’ हे पत्रलेखकांनी जे गृहीत धरलं आहे त्याबद्दलही, कारण ती रांग मी फार जवळून पाहिली आहे.

मी मूळची मिरजेची. न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतल्या एका सरकारी हायस्कुलात, गाइडन्स ऑफिसात, मी कारकुनी करत होते. आता निवृत्त आहे. रविवारी मुलांना मराठी शिकवायला जाते, ते अजून सुटलेलं नाही. वकील नाही, पुढारी तर नाहीच. पण मुलांचे कागद वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून गेले आहेत, आणि कोणता कागद कुठे अडतो हे मला चांगलं ठाऊक आहे.

शाळेत नाव घालताना आम्ही जन्मदाखला, लसींची नोंद आणि इथे राहत असल्याचा पुरावा मागायचो. पुरावा म्हणजे विजेचं बिल नाहीतर भाडेकरार. व्हिसाचं नाव काढायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. यामागे एक खटला आहे. टेक्सास राज्याने १९७५ साली कायदा केला की देशात राहण्याचे कागद नसलेल्या मुलांच्या शिक्षणाला राज्य पैसे देणार नाही. मग टायलर नावाच्या गावातल्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी मागायला सुरुवात केली. शेतावर, कारखान्यात राबणाऱ्या मेक्सिकन आईबापांनी हे कुठून आणायचे? प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८२ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : आईबापांच्या चुकीपायी मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही. एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला असता तर लाखो मुलं रस्त्यावर असती. त्या निकालामुळे बारावीपर्यंत मूल सुरक्षित राहतं. वर्गात कोण कुठल्या कागदावर आहे हे शिक्षकाला कळत नाही, कित्येकदा मुलालाही कळत नाही.

कळतं ते सोळाव्या-सतराव्या वर्षी, आणि ते माझ्या टेबलाशी कळायचं. उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करायचं तर अल्पवयीन मुलाला एक परवाना लागतो. तेव्हा तो शाळेतूनच मिळायचा. मुलगा फॉर्म घेऊन जायचा आणि परत यायचाच नाही. विचारलं तर म्हणायचा, आईला आवडत नाही मी काम केलेलं. मग गाडी शिकायचं वय. वर्गातली सगळी मुलं शिकाऊ लायसन्स काढतात आणि हा म्हणतो, मला गाडीत मळमळतं. (न्यू जर्सीने २०१९ मध्ये कायदा बदलून बिनकागदाच्यांनाही लायसन्स खुलं केलं, म्हणून निदान ती खोटी कारणं सांगणं थांबलं.) आणि शेवटी बारावीचा ऑक्टोबर. कॉलेजच्या सरकारी मदतीसाठी जो अर्ज भरतात, त्याला इथे फाफ्सा म्हणतात, त्यात सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, आणि कागद नसलेल्या मुलाकडे तो नसतो. मी नवीन होते तेव्हा वाटायचं, मुलं विसरतात. पुढे पुढे त्या रकान्याशी थबकलेलं पेन पाहिलं की मी इतर मुलांना काही ना काही निमित्ताने बाहेर पाठवायची आणि काउन्सेलर बाईंना हाक मारायची.

माझ्या रविवारच्या मराठी वर्गातली दोन मुलं सांगते. नावं सांगणार नाही, आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिला मुलगा १९९६ सालचा, सांगलीकडचा. पाच वर्षांचा असताना आला. वडील एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर, सॉफ्टवेअरमध्ये होते. डॉट-कॉमचा फुगा फुटला त्यात कंपनी बुडाली. आज नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवसांची मुदत मिळते, पण हा नियम २०१७ चा. त्या काळी नोकरी गेली त्या दिवशी तुमचा दर्जाही गेला. बायकोचे दिवस भरत आलेले, डोक्यावर कर्ज. आज जाऊ, उद्या जाऊ करत ते राहिले आणि मग राहूनच गेले. वडिलांनी पुढे एका दुकानात हिशेब लिहिले. धाकटी मुलगी इथे जन्मली म्हणून अमेरिकन नागरिक, मुलगा काहीच नाही. एकाच ताटात जेवणारी भावंडं. गणपतीच्या कार्यक्रमाला हे कुटुंब यायचं, मागच्या रांगेत बसायचं आणि आरती झाली की प्रसाद घेऊन निघून जायचं. कुणी आडनावावरून गाव विचारलं तरी बाई बिचकायच्या.

दुसरी मुलगी २००४ सालची, पुण्याची. २००७ च्या सुरुवातीला, तीन वर्षांची व्हायच्या आत आली. वडील आधी मास्टर्स करायला आले, मग एच-वन-बीवर गेले, मग कंपनीने ग्रीन कार्डचा अर्ज केला. एकही दिवस कागदाशिवाय नाही. प्रत्येक फॉर्म वेळेत, प्रत्येक टॅक्स वेळेत. पत्रलेखकांना अभिप्रेत असलेलं आदर्श कुटुंब ते हेच.

आता काय झालं ते पाहा. १५ जून २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी जाहीर केलं की लहानपणी आलेल्या, इथेच शाळा शिकलेल्या मुलांना परत पाठवण्याची कारवाई होणार नाही, आणि दोन वर्षांचं वर्क परमिट मिळेल. यालाच इंग्रजी आद्याक्षरांवरून डाका (DACA) म्हणतात. सोळा वर्षांच्या आत आलेला असावा, १५ जून २००७ पासून सलग इथे राहत असावा, शिकत असावा, गुन्हा नसावा वगैरे अटी. माझा सांगलीचा मुलगा सगळ्यांत बसला. मुलगीही बसत होती, पण एक अट आडवी आली : १५ जून २०१२ ला तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसला पाहिजे. तिच्याकडे होता! म्हणून ती बाद. पुढे ‘बेकायदा’ मुलगा कॉलेजात असताना रीतसर नोकरी करून फी भरू लागला, आणि ‘कायदेशीर’ मुलीला सोळाव्या वर्षी आइस्क्रीमच्या दुकानातही उभं राहता आलं नाही, कारण एच-फोर, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या बायकामुलांच्या, व्हिसावरच्या मुलाला काम करण्याची परवानगीच नसते.

पत्रलेखक म्हणतील, मग बघा, बेकायदा पोरांचे लाड झाले. थांबा. त्या मुलाला मिळालं ते काय, तर दोन वर्षांची मुदतवाढ. तो आज तिशीच्या घरात आहे, पुलांच्या आराखड्यांचं काम करणाऱ्या कंपनीत आहे, आणि अजूनही दर दोन वर्षांनी अर्ज, बोटांचे ठसे आणि ऑनलाइन भरलं तरी ५५५ डॉलर. नवं कार्ड यायला उशीर झाला तर साहेबाला सांगावं लागतं की मी उद्यापासून येऊ शकत नाही. फाफ्साची मदत त्याला कधीच मिळाली नाही, डाका असूनही नाही. मत देता येत नाही. ग्रीन कार्डाकडे जाणारा एकही रस्ता त्यातून निघत नाही. २०१७ च्या सप्टेंबरात ट्रम्प सरकारने ते रद्द केलं, २०२० च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा पाच-चार मतांनी ते रद्द करणं चुकीच्या पद्धतीने झालं म्हणून फिरवलं, आणि २०२१ च्या जुलैमध्ये टेक्सासमधल्या एका न्यायाधीशांनी नवे अर्ज मंजूर करणं थांबवलं. ज्यांना आधीच मिळालं होतं ते नूतनीकरणावर जगत आहेत. आणि नव्या मुलांचं म्हणाल तर हिशेब साधा आहे. २००७ च्या जूनआधी येऊन राहिलेलं असावं ही अट बदललेली नाही. आज अठरा वर्षांचं होऊन हायस्कुलातून बाहेर पडणारं मूल तेव्हा जेमतेम जन्मलेलं असेल किंवा नसेलही. म्हणजे आज माझ्या जुन्या टेबलाशी पेन थबकलेलं जे मूल बसलं असेल, त्याला डाकाचाही आडोसा नाही.

मुलीचं काय झालं? ग्रीन कार्डाची रांग. नोकरीच्या वर्गात साऱ्या जगाला मिळून वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं, बायकामुलं त्यातच धरलेली, आणि कुठल्याही एका देशाला साधारणपणे त्यातली सात टक्के. आइसलँडलाही सात आणि भारतालाही सात. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांचा नंबर दहा-बारा वर्षं मागे चालतो. वडिलांचा अर्ज २०१५ चा. मुलगी २०२५ मध्ये एकवीस वर्षांची झाली आणि त्या क्षणी ती वडिलांच्या अर्जातून गळली. वय मोजताना थोडी सूट देणारा २००२ चा एक कायदा आहे, पण त्यात वडिलांची फाईल सरकारी टेबलावर तपासायला जितके दिवस लागले तितकेच दिवस वजा होतात. रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. मग तिने विद्यार्थी व्हिसा घेतला. त्या व्हिसासाठी शपथेवर सांगावं लागतं की माझं कायमचं घर परदेशात आहे आणि शिक्षण झालं की मी तिकडे परत जाणार. ज्या पुण्याचं तिला काहीही आठवत नाही ते तिचं कायमचं घर! पुढे एक ते तीन वर्षं प्रशिक्षणाच्या नावाखाली काम, आणि मग ८५,००० एच-वन-बींच्या सोडतीत चिठ्ठी टाकायची, जिथे एके काळी तिचे वडील उभे होते.

तर ही ती रांग. तिच्यात उभी असलेली आपली मुलं एकविसाव्या वर्षी बाहेर फेकली जातात. आणि कागद नसलेल्या मुलांसाठी रांगच नाही, त्यामुळे ती कुणाच्या पुढे घुसण्याचा प्रश्न येत नाही. ‘परत जा आणि नीट अर्ज करून ये’ म्हणणाऱ्यांना १९९६ चा कायदा ठाऊक नसतो. सज्ञान झाल्यावर एक वर्षाहून जास्त काळ बिनकागदाचं राहिलेलं माणूस बाहेर पडलं की दहा वर्षं परत येण्याला बंदी. आमच्या लोकांच्या रागाचं मला नवल वाटतं ते यासाठी. राग खरा आहे, रांगेत कुजण्याचा आहे. पण तो ज्यांच्यावर निघतो त्यांनी आपल्या मुलांचं एकही ग्रीन कार्ड घेतलेलं नाही.

या मुलांना कायमचा दर्जा द्यावा असा पहिला ड्रीम कायदा २००१ साली सिनेटमध्ये मांडला गेला. मांडणारे दोघे, डेमोक्रॅट डिक डर्बिन आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच. २०१० च्या डिसेंबरात तो प्रतिनिधीगृहात २१६ विरुद्ध १९८ ने मंजूर झाला आणि सिनेटमध्ये ५५ मतं मिळूनही पडला, कारण तिथे ६० लागत होती. त्याच वर्षी फ्लोरिडातले चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनला चालत गेले, १,५०० मैल, आणि वाटेत गावोगावी सांगत गेले की आमच्यापैकी काहींकडे कागद नाहीत. पोलिसांनी धरलं असतं तर देशाबाहेर गेले असते. त्यांच्यामागे कोण उभं राहिलं? चर्चं, कामगार संघटना, शिक्षक, शेजारीपाजारी. दोन वर्षांनी डाका आलं ते अशा मुलांनी तोंड उघडलं म्हणून, आणि त्यांना जागा देणारी माणसं होती म्हणून.

आमच्या राज्यातही तेच झालं. न्यू जर्सीत हायस्कूलची तीन वर्षं काढलेल्या बिनकागदाच्या मुलाला सरकारी कॉलेजात राज्यातल्या विद्यार्थ्याचीच फी लागावी, हा कायदा २०१३ मध्ये झाला. सही करणारे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी, रिपब्लिकन. २०१८ मध्ये त्यांच्यानंतरचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी राज्याची आर्थिक मदतही खुली केली. या दोन्हींसाठी ट्रेंटनला विधिमंडळासमोर लोक बसभरून जात होते. आमच्या शाळेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या आया रजा टाकून जायच्या, त्यांच्यातल्या कित्येकजणी साफसफाईची कामं करणाऱ्या. मराठी माणसं त्यात शोधावी लागायची. एडिसन-इझलिनमध्ये आपण इतके आहोत की दसऱ्याला झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं मिळतात, पण ट्रेंटनच्या बसमध्ये जागा रिकामी असायची. जे मिळालं आहे ते टिकेल अशीही खात्री नाही. टेक्सासने असा फीचा कायदा सगळ्यांच्या आधी, २००१ मध्ये केला होता. २०२५ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने त्याविरुद्ध दावा लावला आणि राज्याने त्याच दिवशी मान तुकवली. चोवीस वर्षांचा कायदा एका दिवसात गेला.

आपल्या एच-फोर मुलांनी मात्र आईबापांची वाट पाहिली नाही. ‘इम्प्रूव्ह द ड्रीम’ नावाची संघटना त्यांनीच उभी केली. खासदारांच्या कचेऱ्यांत जाऊन ही मुलं सांगू लागली की आम्हीही इथेच वाढलो. तोवर कित्येक खासदारांना असा प्रकार असतो हेच माहीत नव्हतं. २०२१ च्या मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाने जे ड्रीम विधेयक मंजूर केलं, २२८ विरुद्ध १९७, त्यात बिनकागदाची मुलं आणि आपली व्हिसावरची मुलं दोन्ही पहिल्यांदा एकत्र आली. सिनेटमध्ये ते अडकलं. फक्त व्हिसावरच्या मुलांसाठीचं वेगळं विधेयकही त्याच वर्षी आलं, त्यामागे दोन्ही पक्षांचे लोक होते, तेही मंजूर झालं नाही. यावरून मी एवढं शिकले की ‘आमचं तेवढं वेगळं काढा, त्यांच्यात आम्हाला घालू नका’ म्हणून आपल्या हाती काही लागलेलं नाही.

आणि आपण कोण हे म्हणणारे? १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. मिळालेली नागरिकत्वं काढून घेतली गेली. थिंद यांच्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. त्यांचंही नागरिकत्व रद्द करायला सरकार गेलं, पण ते कोर्टात झगडले आणि त्यांनी आपलं राखलं. पण तोवर कित्येकांचं गेलं होतं. त्या काळात दलीपसिंग सौंद नावाचा पंजाबी तरुण १९२० मध्ये बर्कलीला शिकायला आला, गणितात डॉक्टरेट केली आणि इम्पीरियल खोऱ्यात शेती करत राहिला. जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नव्हती, म्हणून दुसऱ्याच्या नावावर. आजच्या भाषेत त्याला काय म्हटलं असतं? आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं वर्गणी काढून, खासदारांचे उंबरे झिजवून १९४६ मध्ये कायदा बदलून घेतला. नागरिकत्व खुलं झालं, पण हिंदुस्थानातून नव्याने येता येणार ते वर्षाला फक्त १०० जणांना. सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकी संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, निवडून आले. भारतातून आलेला पहिला खासदार. त्यांच्यासाठी बोलणारे गोरे खासदार होते, गोरे शेजारी होते. त्यांनी ‘आधी रांगेत उभा राहा’ म्हटलं असतं तर आपल्यापैकी कुणी इथे ग्रोसरीच्या दुकानात भाकरीचं पीठ निवडत बसलं नसतं.

मी ज्या मंडळाची जुनी सभासद आहे त्याच्या कार्यकारिणीपुढे मी तीन मागण्या ठेवल्या होत्या. एक, दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी आपल्या खासदाराला मंडळाच्या नावाने पत्र. दोन, मंडळ जी शिष्यवृत्ती देतं तिच्यातली ‘नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक’ ही अट काढणं. तीन, एक रविवार हॉल मोफत, वकिलाला बोलावून अर्ज भरून देण्यासाठी. पहिल्या मागणीवर एक तरुण पदाधिकारी म्हणाले, “काकू, आपली संस्था सांस्कृतिक. राजकारण आणलं तर करसवलत जाईल.” मी म्हटलं, “अहो, उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. एखाद्या कायद्याबद्दल मर्यादेत बोलायला धर्मादाय संस्थेला मनाई नाही, नियम वाचा.” ते वाचतो म्हणाले. अजून वाचत असावेत. दुसरी मागणी पुढच्या बैठकीवर गेली आणि तिथून पुढच्या. गंमत अशी की त्या अटीमुळे बाद होणारी मुलं बहुतेक कार्यकारिणीतल्या लोकांचीच, एच-फोरवाली.

हॉल मात्र मिळाला. ‘कायदेविषयक मार्गदर्शन’ एवढंच भिंतीवरच्या कागदावर लिहायचं, या अटीवर. मला वाटलं होतं चारदोन माणसं येतील. हॉल भरला. ग्वाटेमालाच्या आया आल्या, त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. एक गुजराती आजोबा नातवाला घेऊन आले, हा माझ्या मोटेलमधल्या कामगाराचा मुलगा आहे असं सांगत, आणि मग जाताना हळूच म्हणाले, माझाच आहे. दोन मराठी कुटुंबं दुसऱ्या गावातून आली, आपल्या गावात कुणी पाहील म्हणून. वकील बाईंनी दुपारी जेवायलाही वेळ घेतला नाही. नाटकाच्या तालमीतून उरलेले वडे होते, ते सगळ्यांनी खाल्ले. सांगलीचा तो मुलगा सबंध दिवस फोटोकॉपी मशीनपाशी उभा होता आणि लोकांना कुठला फॉर्म कुठे ते इंग्रजी, स्पॅनिश आणि मराठीत सांगत होता. मागच्या रांगेत बसणारी त्याची आई त्या दिवशी चहाच्या टेबलाशी होती.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यात काय, असं कुणी विचारेल. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ‘नसेल जमत तर परत यावं, एवढं काय’ हे फोनवर म्हणणं जरा थांबवा. पुण्याच्या त्या मुलीच्या आजोबांनी हौसेने चौकशी केली होती. इंजिनिअरिंगला राज्याच्या कोट्यातून घ्यायचं तर महाराष्ट्रातली दहावी-बारावी नाहीतर डोमिसाइलचा दाखला विचारतात. डोमिसाइलसाठी पंधरा वर्षांचं वास्तव्य हवं. सेतू केंद्रातल्या बाई म्हणाल्या, आजोबा, ती महाराष्ट्राची नाही. तिकडे अमेरिका म्हणते ती भारताची. तिच्या हातात भारताचा पासपोर्ट आहे, मराठी ती माझ्यापेक्षा बरी शुद्ध लिहिते, आणि तरी दोन्ही ठिकाणच्या खिडक्यांवर तिचा कागद अपुरा. सांगलीच्या मुलाची आजी अजून आहे. मी तिकडे गेले की ती मेतकुटाची आणि सांडग्यांची पिशवी माझ्या बॅगेत कोंबते. नातू पाच वर्षांचा असताना तिने त्याला शेवटचा हात लावलेला. डाकावाल्याला बाहेर जायचं तर आधी सरकारची खास परवानगी लागते, ती मिळाली तरी विमानतळावर परत आत घेतील याची हमी नसते. तो तो धोका घेत नाही, आणि मी त्याला घे म्हणणार नाही.

आपल्या दैनिकात परदेशातल्या मराठी मंडळांच्या अधिवेशनांचे, ढोलपथकांचे फोटो छापून येतात. छापा, आम्हालाही ते आवडतात. त्या मंडळींची मुलाखत घेताना एवढं जरूर विचारा, की तुमच्या गावातल्या दर्जा नसलेल्या मुलांसाठी, आपल्या आणि इतरांच्याही, तुमच्या मंडळाने खासदाराला पत्र लिहिलं का, आणि तुमच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना आहे का. वर्तमानपत्राने विचारलं की आमचे लोक दचकतात. माझ्यासारख्या काकूंनी विचारून ते होत नाही.

माझं नाव कृपया छापू नये. माझं नाव कळलं की शाळा कळते, शाळा कळली की मुलं ओळखता येतात, आणि सध्याचे दिवस तसे नाहीत. ते पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना माझं म्हणणं पटलं नसेल आणि बोलायचं असेल, तर माझा ईमेल आपल्याकडे आहे, तो त्यांना अवश्य द्यावा.

आपली,
एक निवृत्त शाळा-कर्मचारी
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी (मूळ मिरज)